ड्रॅगन, गेको आणि कासव एकाच टाकीत ठेवावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १२० × ६० × ६० सेंटिमीटरच्या टाकीत दीड वर्षाचा बिअर्डेड ड्रॅगन (दाढीवाला सरडा) होता. त्याच टाकीत दोन आठवड्यांपूर्वी एक लेपर्ड गेको (ठिपकेदार पाल) आणि जमिनीवर राहणाऱ्या हर्मन कासवाचं पिल्लू सोडलं. अजून भांडण झालेलं नाही, तिघंही खाताना दिसतात, गेको तर अधूनमधून ड्रॅगनच्या पाठीवर चढून बसतो. व्हिडिओंमध्येही असे प्राणी गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात. मग हे असंच चालू ठेवायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि बरीच आहे. तिघांना आजच वेगळं करा. ते कसं करायचं ते शेवटी लिहितो. आधी कारणं, कारण ती कळली नाहीत तर सहा महिन्यांनी तुम्ही दुसरी कुठली तरी जोडी जमवायला जाल.

सगळ्यांना पहिली शंका भांडणाची येते. ती गैर नाही, पण भांडण डोळ्यांना दिसतं, त्यामुळे ते त्यातल्या त्यात सोपं संकट. मिश्र टाकीतले बहुतेक प्राणी चावून मरत नाहीत. कोणी चुकीच्या हवेत हळूहळू खंगतं, कोणी शेजाऱ्याच्या पोटातल्या जंतूंनी आजारी पडतं. आणि हे चाललंय याचा पत्ता मालकाला फार उशिरा लागतो, कारण एकत्र ठेवल्यावर प्रत्येक प्राण्याची स्वतंत्र खबर मिळणं बंद झालेलं असतं.

हवेपासून सुरुवात करू. ड्रॅगनला ऊन खायच्या जागेवर ४० ते ४२ अंश सेल्सिअस पृष्ठभाग लागतो, गार टोकाला २४ ते २७, आणि हवा कोरडी, ३० ते ४० टक्के आर्द्रतेची. हर्मन कासवाच्या पिल्लाला शेकायला ३२ ते ३५ अंश पुरे, पण आर्द्रता ६० ते ८० टक्के हवी. लहान वयात ते कोरड्यात वाढलं की कवचाचा प्रत्येक चौकोन डोंगरासारखा वर येतो आणि मग तो खाली बसत नाही. एकच टाकी एकाच वेळी ३५ टक्के आणि ७० टक्के असू शकत नाही. मधला ५० चा आकडा धरला तर कासवाला ते कोरडंच, आणि ड्रॅगनला कायमच्या दमटपणातून त्वचेची बुरशी आणि श्वासाचे त्रास सुरू होण्याची भीती. कासवाचा विषय खरं तर इथेच संपतो. पुढचं सगळं सोडून दिलं तरी.

गेकोचं प्रकरण वरवर जमण्यासारखं दिसतं, कारण त्यालाही कोरडी हवा चालते. त्याला पोटाखालचा दगड किंवा फरशी ३१ ते ३३ अंश लागते. एकत्र ठेवणाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा की टाकीच्या एका टोकाला ४२ आणि दुसऱ्या टोकाला २५ अंश आहे, म्हणजे मध्ये कुठेतरी ३२ आहेच, गेको आपली जागा शोधेल. इन्फ्रारेड तापमापक घेऊन टाकीभर फिरवा आणि ३२ अंशाची पट्टी नक्की कुठे पडते ते बघा. १२० सेंटिमीटरच्या टाकीत ती साधारण मधोमध सापडते, म्हणजे ड्रॅगनच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. गेकोला नुसतं तापमान पुरत नाही, त्या तापमानाला अंग लपेल असा बंद आडोसा लागतो. तो आडोसा ४०० ग्रॅमचा ड्रॅगन अंगाने ढकलतो, त्यावर चढतो, कधी तोच बळकावतो. मग ६० ग्रॅमचा गेको जातो तो थेट गार कोपऱ्यात, आणि २५ अंशाला त्याचं पचन मंदावतं. तो खाताना दिसतो, पण खाल्लेलं अंगी लागत नाही.

प्रकाशाचंही तेच. ड्रॅगनला ऊन खायच्या जागेवर अतिनील निर्देशांक ४ ते ६ हवा, त्यासाठी लांब अतिनील दिव्याची टी-फाइव्ह नळी. गेको संधिप्रकाशात फिरणारा प्राणी, त्याला १ च्या आतबाहेर पुरतो. अल्बिनो असेल तर तेवढ्यानेही डोळे मिटून बसतो. त्यात दोघांच्या वेळा उलट्या. दिवसभर ड्रॅगन गेकोच्या डोक्यावरून ये-जा करणार, दिवे मालवले की गेको झोपलेल्या ड्रॅगनच्या अंगावरून. झोप कोणाचीच धड होत नाही.

आता पाठीवर बसण्याबद्दल, कारण त्या फोटोंनीच बहुतेकांना भुरळ पडते. सरपटणारे प्राणी मायेने एकमेकांना बिलगत नाहीत. उष्णतेची चांगली जागा एकच असली की जो वर चढतो त्याला दिवा मिळतो आणि खालचा सावलीत जातो. गेको ड्रॅगनवर बसतो कारण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ड्रॅगनचं अंग गरम असतं. ड्रॅगन हलत नाही त्याचा अर्थ त्याला चालतंय असा काढू नका. त्याची दाढी (गळ्याखालची काटेरी कातडी) काळी पडते का, तो मान झटक्याने वरखाली करतो का, पुढचा पाय उचलून सावकाश गोल फिरवतो का, हे बघा. पहिली दोन धमकीची खूण, तिसरी शरणागतीची. गेकोच्या शेपटीकडेही लक्ष ठेवा. शिकारीच्या वेळी तिचं टोक भराभर थरथरतं, ते नेहमीचंच. पण शेपूट उचलून सापासारखी संथ हलवत असेल तर त्याला धोका वाटतोय. अजून ताणलं तर तो शेपूट टाकेल, आणि त्याच्या चरबीचा मोठा साठा त्या शेपटीतच असतो. नवी येते ती बोथट आणि फुगीर, आणि ती भरेपर्यंत त्याच्याकडे आजारपणासाठी फारशी शिल्लक नसते.

ड्रॅगन हलणाऱ्या वस्तूवर आधी झडप घालतो, ती काय आहे हे नंतर ठरवतो, हेही ध्यानात असू द्या. दोन आठवडे शांततेत गेले म्हणजे त्याने गेकोला सोबती मानलं, असं होत नाही.

जंतूंच्या बाबतीत एक गोष्ट पक्की धरा. ज्या प्राण्याच्या पोटात एखादा जंतू पिढ्यान्‌पिढ्या राहत आलाय, त्याला तो बहुधा त्रास देत नाही. तोच जंतू नव्या जातीच्या पोटात गेला की घात करतो. कासवाच्या आतड्यात एंटामीबा इन्व्हेडन्स नावाचा एकपेशीय जीव निमूटपणे राहू शकतो. कासव ठणठणीत, कवच चकचकीत, भूक उत्तम. त्याच्या विष्ठेतून बाहेर पडलेले कोष साप किंवा सरडे यांच्या तोंडी गेले तर मोठ्या आतड्याला व्रण पडतात, शेमट-रक्ताळ विष्ठा सुरू होते आणि यकृत निकामी होऊ लागतं. तुमच्या टाकीत कासव आणि दोन सरडे एकाच पाण्याच्या भांड्यावर आहेत. कासवं पाण्यात बसून विष्ठा करतात, हे तुम्ही या दोन आठवड्यांत पाहिलं असेलच.

उलट दिशेनेही माल येतो. ड्रॅगनमध्ये कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी) इतके सर्रास सापडतात की न सापडले तर मी नमुना पुन्हा तपासायला सांगतो. अ‍ॅडेनोव्हायरसही अनेक मोठे ड्रॅगन काहीही न होता बाळगून असतात. गेकोकडून येणारी भीती क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या एकपेशीय परजीवीची. गेको खात राहतो आणि तरी वाळत जातो, शेपटीची काडी होते. यावर खात्रीचा इलाज नाही आणि नेहमीच्या ब्लीचने त्याचे कोष मरत नाहीत. उकळतं पाणी किंवा वाफ लागते, त्यानंतर कडकडीत वाळवणं. टाकीतलं लाकूड मात्र टाकूनच द्यावं लागतं.

आता मगाशी म्हटलेली खबर. हा मुद्दा लोक सगळ्यात हलका घेतात.

सकाळी टाकीच्या कोपऱ्यात एक पातळ, शेमट विष्ठा दिसली, तिच्यात क्रिकेटचा, म्हणजे खाऊ घातलेल्या रातकिड्याचा, न पचलेला पाय. कोणाची? आकारावरून ओळखू, असं वाटतं. घट्ट असेल तर ओळखाल; ड्रॅगनची मोठी आणि पांढऱ्या युरेटच्या (घट्ट लघवीच्या) गोळीसकट, गेकोची छोटी आणि बहुतेक ठरलेल्या कोपऱ्यात. पण पातळ झालेल्या विष्ठेला आकारच नसतो, आणि तपासायला हवी ती नेमकी तीच. तुम्ही ओळखेपर्यंत कासव तिच्यावरून चालत गेलेलं असतं, नाहीतर त्याने ती चाखलेलीही असते.

खाण्याचंही तसंच. दहा क्रिकेट सोडले, तासाने एकही नाही. ‘तिघंही खातात’ हे तुमचं वाक्य मला इथेच खटकलं. कदाचित ड्रॅगनने दहाही खाल्ले. कदाचित दोन कासवाने खाल्ले, आणि हर्मन कासवाला कीटकांचं प्रथिन नको असतं. त्याचं अन्न तंतुमय पाला. पावडरीचं गणित तर पार कोलमडतं. अतिनील दिव्याखाली न राहणाऱ्या गेकोला डी-३ असलेली कॅल्शियम पावडर लावलेले किडे देतात. चांगल्या नळीखालच्या ड्रॅगनला रोजचं कॅल्शियम साधं लागतं, डी-३ क्वचित. गेकोसाठी माखलेले किडे रोज ड्रॅगननेच मटकावले तर डी-३ त्याच्या शरीरात साठत जातं, कारण ते चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व आहे, लघवीवाटे निघून जात नाही. अतिरेक झाला की कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत बसू लागतं.

म्हणून वजन. एक ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या, त्यावर झाकणाचा डबा ठेवून शून्य करा, आणि दर आठवड्याला त्याच दिवशी, खायला घालण्याआधी वजन लिहा. पूर्ण वाढलेला प्राणी महिन्याभरात दहा टक्क्यांनी घटला तर मी तपासणी लांबवत नाही. गेकोच्या बाबतीत हे दहा टक्के म्हणजे जेमतेम सहा ग्रॅम. एवढी घट नुसत्या नजरेला पकडता येत नाही, कोणालाच नाही.

मग एकत्र कधीच ठेवू नये का? तसंही नाही. हे प्राण्यांवर, त्यांच्या उगमावर आणि तुमच्या तयारीवर अवलंबून आहे. घरच्या पैदाशीतला आणि रानातून पकडलेला प्राणी यांच्या पोटातल्या जंतांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून रानातला प्राणी मिश्र टाकीत मी तपासण्या स्वच्छ येऊनही घेत नाही. जी मिश्र टाकी खरोखर चालते तिचं उत्तम उदाहरण म्हणजे दमट मातीत आयसोपॉड आणि स्प्रिंगटेल. हे बारके जीव बुरशी आणि विष्ठा खातात आणि वरच्या प्राण्याला त्यांच्याशी देणंघेणं नसतं. त्यातही पोर्सेलिओ लेव्हिससारखे प्रथिनांना चटावलेले मोठे आयसोपॉड टाळा. नुकती कात टाकलेल्या प्राण्याला ते कुरतडू शकतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे उंच, झाडं लावलेल्या टेरेरियममध्ये डार्ट बेडूक आणि लेपिडोडॅक्टायलस लुगुब्रिस ही छोटी, नराशिवायच प्रजा वाढवणारी पाल. ही जोडी जमते कारण दोघांना दमट आणि मवाळ तापमान लागतं, बेडूक दिवसा जमिनीवर, पाल रात्री वरच्या पानांवर, आणि मोठ्यांपैकी कोणी कोणाच्या तोंडात मावत नाही. तरी पालीची अंडी भसाभस उबतात आणि पिल्लं कुठे गेली हा प्रश्न उरतोच. नवख्याने याच्या नादी लागू नये.

प्राणीसंग्रहालयात मिश्र दालनं असतात, मग घरी का नको, असंही विचारलं जातं. तिथे काचेमागे दिसतं त्याच्या मागे प्रत्येक प्राण्याला वेगळं काढायच्या खोल्या असतात, रोज नोंद ठेवणारे कर्मचारी असतात, पशुवैद्य हाताशी असतो. घरी निदान एवढं हवं: प्रत्येक प्राण्यासाठी दिवा आणि थर्मोस्टॅटसकट चालू स्थितीतली सुटी टाकी. माळ्यावर गुंडाळून ठेवलेली नव्हे, तासाभरात वापरता येईल अशी. आणि ती सुटी टाकी तयार असेल, तर मग प्राणी आधीपासून तिच्यातच का ठेवू नये?

काही जोड्यांचा विचारही करू नका. बोआ आणि अजगर: बोआ रेप्टअरेनाव्हायरस वर्षानुवर्षं बाळगतो, अजगराच्या मात्र मज्जासंस्थेवर झपाट्याने परिणाम होतो, यांची भांडी आणि चिमटेही वेगळे. किंगस्नेक आणि दुसरा कुठलाही साप: तो सापच खातो. ग्रीक कासव आणि हर्मन कासव दिसायला भावंडं, पण पहिल्याकडचा हर्पीसव्हायरस दुसऱ्याला मारू शकतो. लाल पोटाचे बॉम्बिना बेडूक आणि इतर बेडूक: त्यांच्या कातडीतलं विष पाण्यात उतरतं. ससा आणि गिनीपिग ही जोडी तर इतकी रुळलेली की कोणाला त्यात वावगं वाटत नाही, पण सशाच्या नाकात निरुपद्रवी राहणारा बोर्डेटेला गिनीपिगला न्यूमोनिया करतो, आणि सशाच्या मागच्या पायाची एक लाथ त्याच्या बरगड्यांना पुरते. पक्ष्यांत लव्हबर्ड शेजारच्या बजीच्या पायाची बोटं तोडतो. कॉकटीलच्या पिसांची भुकटी मकाऊच्या फुप्फुसांना बाधते, तिथे तर पिंजराच काय, खोलीही एक नको.

एकाच जातीचे दोन असले की प्रश्न सुटतो असंही समजू नका. दोन नर ड्रॅगन, दोन सीरियन हॅमस्टर, दोन टॅरँट्युला, हे बहुतेक वेळा एकावर येऊन थांबतं.

टाकीत मध्ये काच घालून दोन भाग करण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. तुमच्या टाकीत तो उपयोगाचा नाही. ६० सेंटिमीटरच्या अर्ध्या भागात ड्रॅगनसाठी ४२ आणि २५ अंश एकत्र बसत नाहीत, दिव्याखालची सगळीच जागा तापते. हवा आणि ओल तर सामायिकच राहते.

आता करायचं काय. टाकी ड्रॅगनकडे राहू द्या, ती त्याच्याच मापाची आहे. गेकोला आजच्यापुरता ६० × ४० सेंटिमीटरचा, झाकणाला आणि बाजूंना भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा चालेल. तळाला साधा कागदी टॉवेल, एका बाजूच्या तळाखाली एक-तृतीयांश भागाला उष्णतेची चटई, थर्मोस्टॅटचा सेन्सर गरम आडोशाच्या आत तळावर टेकवून ३२ ला लावलेला. गरम बाजूला एक आडोसा, गार बाजूला एक, आणि ओला टॉवेल घातलेला तिसरा, कात टाकण्यासाठी. थर्मोस्टॅटशिवाय चटई लावू नका, पोट भाजतं. कायमची टाकी पुढे ९० × ४५ ची घ्या.

कासवाला काच नकोच. काच त्याला कळत नाही, दिवसभर तिला धडका देत बसतं. उघड्या तोंडाची, सरळ भिंतींची १२० × ६० ची लाकडी पेटी, दहा सेंटिमीटर माती आणि नारळाच्या भुश्शाचा थर, खालचा भाग ओलसर, वर दिवा आणि अतिनील नळी. ही पिल्लाची सोय. मोठं झाल्यावर जागा कितीतरी जास्त लागेल. जागेची अडचण असेल तर एकावर एक मांडणी करा, फक्त ऊब वर चढते हे धरून ड्रॅगनला वरच्या फळीवर ठेवा, आणि समोरासमोर टाक्या आल्या तर मधल्या काचेला कागद चिकटवा. नुसत्या दिसण्यानेही ड्रॅगनची दाढी काळी पडते.

दोन आठवडे तिघं एकत्र होती, तेव्हा तिघंही आता विलगीकरणात आहेत असंच समजा. ९० दिवस. प्रत्येकाचा चिमटा, पाण्याचं भांडं, पुसायचं फडकं वेगळं. रोजचा क्रम ठरवून घ्या: ज्याची तब्येत सगळ्यात चांगली त्याचं आधी, संशयिताचं शेवटी, मध्ये साबणाने हात. जुन्या टाकीतला कागद-माती-लाकूड फेकून द्या, काच साबणाने घासून मग वाफेने धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय ड्रॅगनला परत सोडू नका. जंताचं औषध अंदाजाने पाजू नका. एकपेशीय जंतूंवर देतात त्या मेट्रोनिडाझोलचाही डोस जातीगणिक बदलतो आणि चुकला तर मज्जासंस्थेला इजा होते.

विष्ठेची तपासणी तीनदा, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने, कारण कोष रोज बाहेर पडत नाहीत आणि एक स्वच्छ अहवाल फारसं काही सांगत नाही. नमुना ताजा घ्या, पांढरा युरेट बाजूला सारून तपकिरी भाग छोट्या झाकणाच्या डबीत, वाळू नये म्हणून पाण्याचा एक थेंब. फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि २४ तासांच्या आत पशुवैद्याकडे पोचवा. क्रिप्टोस्पोरिडियमची तपासणी वेगळी सांगून करवून घ्यावी लागते, नेहमीच्या तपासणीत ते सहज निसटतं. तीन डब्यांवर तीन नावं, तारीख आणि त्या दिवशीचं वजन लिहा.